पंखा वर, दव खाली

मामीला मी एकच वाक्य बोलले होते, आणि आवाजही चढवला नव्हता. "मामी, पंखा वर, दव खाली. दोघांचा काय संबंध?" ती चुलीपुढे भाकरी थापत बसली होती. तिनं तव्यातली भाकरी उलटली, निखारे पुढे ओढले आणि त्या विषयावर पुन्हा शब्द काढला नाही. ही २००४च्या नोव्हेंबरातली, सातारा जिल्ह्यात पाटणच्या वरच्या पठारावरची गोष्ट. माझं ते वाक्य चूक होतं हे मला कळलं जर्मनीत, एश्बॉर्नमध्ये, आठ वर्षांनी.

तेव्हा मला नोकरी लागून दोन वर्षं झाली होती. काम वाऱ्याचं. कुठल्या डोंगरावर किती वारा वाहतो, तिथं पवनचक्की उभी केली तर वर्षाला किती वीज निघेल, याची गणितं करायची. वांकुसवडे आणि चाळकेवाडीच्या पठारावर तोवर शेकडो पवनचक्क्या उभ्या राहिल्या होत्या. हे पठार समुद्रसपाटीपासून साडेअकराशे मीटर उंच आहे. जून ते सप्टेंबर इतका वारा सुटतो की माणसाला तिरकं चालावं लागतं. तिथले लोक पवनचक्कीला पंखा म्हणतात. योगायोग असा की त्याच टापूत माझं आजोळ. त्यामुळे ऑफिसला मी सोयीची होते. गावकऱ्यांशी बोलायची वेळ आली की मला पुढे करत.

आणि बोलायची वेळ आली होती. दुष्काळाची वर्षं होती. माण-खटावकडे जनावरांच्या छावण्या पडल्या होत्या, आणि सातारा-सांगलीच्या गावांत एक बोलणं पसरलं होतं की पंखे ढग पळवून लावतात. पाऊस का आला नाही याचं उत्तर आभाळ देत नव्हतं, पंखे मात्र रोज डोळ्यांसमोर फिरत होते. काही ठिकाणी ते बंद करा अशी मागणी झाली. आमच्या गावात देवळात बैठक बसली आणि मी उभी राहिले.

मी काय सांगितलं ते मला नीट आठवतं, आणि त्यातलं काही आजही मागे घ्यायचं नाही. पावसाळी वारे जमिनीपासून काही किलोमीटर उंचीपर्यंत भरलेले असतात आणि आपल्या पंख्याचं पातं सगळ्यांत वर गेलं तरी शंभर मीटरच्या आत राहतं. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातल्या माणमध्ये पाचशेच्या आसपास. हा फरक सह्याद्रीनं केलेला आहे, आणि तो पंखे येण्याच्या कितीतरी पिढ्या आधीपासूनचा आहे. लोकांनी ऐकून घेतलं. दोघांतिघांनी प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली. घरी परतताना मला फार बरं वाटत होतं. पंचविशीतल्या मुलीनं सगळ्या गावाला गप्प केलं होतं. गप्प केलं म्हणजे पटवलं, असं मी धरून चालले होते.

त्या रात्री मामी म्हणाली, "ढगाचं मला कळत न्हाई पोरी. पर पहाटचं गवताला गेलं की गुडघ्यापतूर लुगडं भिजायचं. आता पंख्याच्या अंगाला भिजत न्हाई. वरल्या सड्याला अजून भिजतंय."

हे वाक्य मी आता पुन्हा वाचते तेव्हा थक्क होते. तिनं ढगांचा विषय स्वतःहून बाजूला ठेवला होता. जे कळत नाही ते कळत नाही म्हणाली होती. मग जे पाहिलं ते सांगितलं, कुठं पाहिलं ते सांगितलं, पहाटेची वेळ सांगितली. ओल किती ते मोजायला तिच्याजवळ गुडघा होता. आणि तुलनेसाठी तिनं दुसरी जागाही दिली होती, जिथं पंखे नव्हते. शास्त्रातल्या निरीक्षणाला याहून जास्त काय लागतं? देवळात माझ्याशी वाद घालणाऱ्यांपैकी कुणी इतकं नेमकं बोललं नव्हतं. मीसुद्धा नाही.

पण मी तिचं बोलणं देवळातल्या बोलण्यातच टाकलं. एक अंधश्रद्धा खोडून आले होते, ही दुसरी आली, एवढंच मला दिसलं. मामी चौथीपर्यंत शिकलेली. मी पुण्याहून इंजिनिअर होऊन आलेली. ती बाई आहे, म्हातारपणाकडे झुकलेली आहे, गवत कापते, हे सगळं माझ्या उत्तरात होतं. तोंडानं मी फक्त पंखा आणि दव म्हणाले.

तिचं बोलणं टाकून देण्याचं दुसरं कारण माझ्या धंद्यातलं आहे आणि ते मला जास्त बोचतं. माझा वारा जमिनीवर सुरूच होत नव्हता. आमच्या मोजणीच्या मनोऱ्यावर सगळ्यांत खालचं यंत्र १० मीटरवर असायचं, आणि तेही दुय्यम. खरं लक्ष ५० मीटरच्या वर. जमिनीवर पीक आहे, गवत आहे, घरं आहेत, याचा हिशेब एका आकड्यात व्हायचा. त्याला खडबडीतपणाची लांबी म्हणतात. जमीन वाऱ्याला किती अडवते ते त्यातून कळतं. डेन्मार्कच्या रिसो प्रयोगशाळेतून १९८९मध्ये युरोपचा वाऱ्याचा नकाशासंग्रह निघाला. त्यातली कोष्टकं आम्हाला पाठ असत. पाण्यासाठी ०.०००२ मीटर, उघड्या शेतजमिनीसाठी ०.०३, बांधावर झाडंझुडपं असलेल्या शेतीसाठी ०.१, गावं आणि जंगलासाठी ०.४. पठारासाठी मी ०.०३ टाकायचे. त्या आकड्यात नाचणी आली, वरी आली, गवत आलं, आणि ते गवत कापणारी मामीही आली. एकदा तो आकडा टाकला की खाली पाहायची गरज उरत नसे.

खरं तर खालचा वारा मला माहीत असायला हवा होता. लहानपणी खळ्यावर आजी उफणायला उभी राहायची ती जमिनीवर नाही, उंच तिवईवर. सूप डोक्याच्या वर धरायची. मी एकदा खाली उभी राहून परडीनं धान्य ओतून पाहिलं तर भुसा माझ्याच तोंडावर आला, कधी इकडून, कधी तिकडून. आजी म्हणाली, खालचं वारं येडं असतं. जमिनीलगत वारा मंद असतो आणि गिरक्या घेत असतो, वर जावं तसा तो वेगवान आणि सरळ होतो. माझ्या सगळ्या गणिताच्या पायाशी हेच होतं. कॉलेजात ते सूत्र शिकताना मला आजीची तिवई आठवली नाही. याचं मला आज आश्चर्य वाटतं, आणि वाईटही.

२००९मध्ये मी जर्मनीत आले. एश्बॉर्न हे फ्रँकफुर्टला चिकटलेलं छोटं शहर आहे. रहिवाशांपेक्षा इथं नोकरीला येणारी माणसं जास्त. दक्षिणेकडच्या स्टेशनाजवळ काचेच्या उंच इमारती आहेत. फ्रँकफुर्टच्या शेअर बाजाराची कंपनी इथंच आहे. जगभर विकासाची कामं करणाऱ्या जर्मन सरकारी संस्थेचं, जीआयझेडचं, एक मुख्यालय इथं आहे. तिची आधीची संस्था १९७५पासून याच गावात होती. पण स्टेशनाकडे पाठ करून वीस मिनिटं चाललं की नीडरहोख्श्टाट, तिथून पुढे गहू, जव, बीटाची शेतं, सफरचंदाची जुनी झाडं, आणि मागे टाउनसचे डोंगर. मी त्या बाजूला राहायला आले. पश्चिमेला जुन्या लष्करी विमानतळाची जागा आहे. विमानं उतरायला मोकळी, सपाट जमीन लागते म्हणून निवडलेली. फ्रँकफुर्ट विमानतळाच्या पश्चिम धावपट्टीसाठी जंगल तुटलं, त्याची भरपाई म्हणून त्याच मोकळ्या जागेवर जगभरची झाडं लावली गेली. धंद्याच्या भाषेत बोलायचं तर ०.०३चं ०.४ झालं. सुरुवातीला मी त्या बागेकडे अशीच पाहायचे.

२०१२च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतला एक निबंध प्रसिद्ध झाला. टेक्सासच्या पश्चिम-मध्य भागात पवनचक्क्यांची संख्या २००३ ते २०११ या काळात झपाट्यानं वाढली होती. लिमिंग झोउ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या वर्षांत उपग्रहांनी मोजलेलं जमिनीचं तापमान तपासलं. पवनचक्क्यांच्या भागात, आजूबाजूच्या भागाच्या तुलनेत, दशकाला ०.७२ अंश सेल्सिअसपर्यंत वाढ दिसत होती, आणि ती मुख्यतः रात्री. वर्तमानपत्रांनी मथळे केले की पवनचक्क्या पृथ्वी तापवतात. ते धादांत चूक होतं. पवनचक्की नवी उष्णता निर्माण करत नाही, असलेली खालीवर करते. पण ग्राहक विचारू लागले, आणि ऑफिसनं मला उत्तर तयार करायला सांगितलं. म्हणजे मी पुन्हा देवळात उभी राहणार होते.

खोडून काढायचं म्हणून मी वाचायला बसले. आधी त्या निबंधाच्या मागचा एक सापडला, २०१०चा, सोमनाथ बैद्य रॉय आणि जस्टिन ट्रेटर यांचा. कॅलिफोर्नियात सॅन गोर्गोनियो नावाच्या खिंडीत १९८९च्या उन्हाळ्यात पवनचक्क्यांच्या अलीकडे आणि पलीकडे जमिनीलगतचं तापमान मोजलं गेलं होतं. ते आकडे वीस वर्षं पडून होते. त्यांनी ते काढले. पलीकडच्या बाजूला रात्री हवा जास्त उबदार, दिवसा जास्त गार. मग आयोवा राज्यातलं काम वाचलं. २०१०पासून तिथल्या विद्यापीठाचे जीन टेकल आणि त्यांचे सहकारी मक्याच्या आणि सोयाबीनच्या शेतात, खऱ्या पवनचक्क्यांखाली, यंत्रं लावून बसले होते. पिकाच्या उंचीवर काय होतं हेच त्यांना पाहायचं होतं. तिथंही रात्री पंख्याखालची हवा किंचित उबदार.

कारण सोपं आहे. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता आकाशात सोडते आणि गार होते, तिला टेकलेली हवाही गार होते. गार हवा जड, ती खालीच बसून राहते. वर काही मीटरवर, काही दहा मीटरवर दिवसाची ऊब शिल्लक असते. खाली पान हलत नाही आणि वर वारा वाहतच असतो, दोघांची भेट होत नाही. मधे पंखा फिरला की तो हा थर ढवळतो. वरची ऊब खाली येते.

हे वाचून मी उठले आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. यातलं नवं मला काहीच नव्हतं. थंडीची लाट आली की निफाडच्या द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटवतात. परदेशात फळबागांत उंच खांबांवर मोठे पंखे लावतात, ते वरची उबदार हवा खाली ओढून पिकाला गोठण्यापासून वाचवतात. हे मला २००४मध्येही माहीत होतं. परीक्षेत लिहिलं होतं. तरीही त्या क्षणी मला मामी आठवली नाही. ग्राहकांना पाठवायचं पत्र मी नीटच लिहिलं. पृथ्वी तापत नाही, परिणाम स्थानिक आहे, लहान आहे, तपासायला हवा. पत्र पाठवलं आणि विषय संपला, असं वाटलं.

पण नजर खाली वळली होती. जूनमध्ये संध्याकाळी फिरताना जवाच्या शेतापाशी मी थांबू लागले. वारा आला की शेतावरून लाट जाते, हे कुणी पाहिलेलं नाही? मीही जन्मभर पाहिलं होतं, गाणी ऐकली होती. आता मी ती लाट नुसती पाहत उभी राहायचे. जपानी भाषेत तिला शब्द आहे, होनामी, म्हणजे कणसांची लाट. एइइची इनोउए या शास्त्रज्ञानं १९५५मध्ये त्यावर लिहिलं. ही लाट कणसांच्या टोकाशी असलेल्या सरासरी वाऱ्यापेक्षा वेगानं पळते, कारण ती त्या वाऱ्याची नसते. पिकाच्या आतली हवा मंद, वरची वेगवान, दोन्ही एकमेकींवरून घसरतात आणि मधे भोवरे तयार होतात. ते भोवरे वरून वेगवान हवेचे झपाटे पिकात आणून आदळतात, आतली दमट हवा बाहेर फेकतात. पीक श्वास घेतं ते असं. आणि ज्या सूत्रांनी मी रोज वाऱ्याचा हिशेब करत होते ती कुठून आली हेही मी तेव्हाच शोधलं. त्यांतली महत्त्वाची सूत्रं १९६८ साली कॅन्सासमध्ये, गहू कापल्यानंतरच्या धसकटांच्या शेतात, ३२ मीटरचा मनोरा उभा करून केलेल्या मोजणीतून आली. माझं सगळं ज्ञान एका कापलेल्या शेतात उभं होतं, आणि मी शेताला ०.०३ म्हणून ओलांडून जात होते.

मग ऑक्टोबरातली ती रात्र. तारीख मी लिहून ठेवलेली नाही. आभाळ स्वच्छ होतं, वारा अजिबात नव्हता. नीडरहोख्श्टाटच्या घरांच्या धुराड्यांतून निघालेला धूर थोडा वर जाऊन आडवा पसरत होता, जणू कुणी काचेचं छत घातलंय. माझ्याकडे दोन साधे तापमापक होते आणि शेजाऱ्यांकडून मागून आणलेली सफरचंद काढायची लांब काठी. एक तापमापक काठीच्या टोकाला बांधला, दुसरा घोट्याशी धरला. नऊच्या सुमाराला मी पायवाट सोडून एका गवताच्या पट्ट्यात शिरले. दूर फ्रँकफुर्टच्या इमारतींचे दिवे स्थिर दिसत होते. वर टाउनसचा काळा उतार. त्या उतारावरून रात्री गार हवा ओघळत खाली येते आणि शहराकडे जाते. तिच्या वाटेत इमारती उभ्या करायच्या की नाहीत यावरून इथं वाद होतात. इथल्या लोकांना जमिनीलगतची हवा ही वाद घालण्याजोगी गोष्ट वाटते, हेही मला तोवर उमगलं होतं.

मी काठी उभी धरून दहा मिनिटं थांबले. मग खाली घेतली आणि टॉर्चच्या उजेडात दोन्ही तापमापक वाचले. घोट्याशी आणि चार मीटरवर दोन अंशांहून जास्त फरक होता. पुन्हा उभी धरली, पुन्हा वाचलं. तेवढाच. मी वहीत आकडे लिहिले. लिहिताना पायांना गार लागलं. मी टॉर्च खाली केला. माझी पँट ओली झाली होती. गुडघ्यापर्यंत.

गुडघ्यापतूर.

त्या क्षणी मला मामीचा आवाज ऐकू आला असं लिहिणं सोपं आहे, पण तसं झालं नाही. आधी मला ते वाक्य कुठं ऐकलंय हेच आठवेना. मी ओल्या गवतात उभी होते आणि मनात एक शब्द येऊन थांबला होता. हा शब्द माझा नाही, मी असं बोलत नाही. मग चूल आठवली. मग तव्यावर उलटलेली भाकरी. मग तिचं सगळं वाक्य, शब्दाला शब्द, आणि त्यावरचं माझं उत्तर.

पंखा वर, दव खाली. दोघांचा काय संबंध? संबंध माझ्या हातात होता, चार मीटरच्या काठीवर. दव पडतं ते पान हवेतल्या ओलीला पाणी होऊन बसू देईल इतकं गार झालं तर. पान इतकं गार होतं ते जमिनीलगतचा थर निवांत राहिला तर. अगदीच निश्चल हवेतही दव कमी पडतं, कारण ओल पानापर्यंत आणून पोचवायला हवा थोडी हलावी लागते. पण नेटानं ढवळली की वरची ऊब खाली येते, पान तेवढं गार होत नाही, आणि लुगडं भिजत नाही. मामीनं सांगितलं ते याच्याशी नेमकं जुळत होतं. पहाट, गवत, पंख्याची बाजू, दुसरी बाजू. ढवळलेली हवा तिला दिसली नव्हती, तिचा परिणाम दिसला होता. आणि मी, जिला हवा दिसायला हवी होती, तिनं तो परिणामच नाकारला होता.

मी बराच वेळ तिथं उभी होते. आनंद झाला नाही. काही शोधल्याचा तर नाहीच, कारण शोध तिचा होता आणि आठ वर्षं जुना होता. मला लाज वाटत होती, आणि ती लाज अज्ञानाची नव्हती. दवाबद्दल मला माहीत नव्हतं असं नाही. मामीला काही माहीत असू शकतं हे मला माहीत नव्हतं. गावानं ढगांबद्दल चुकीचं सांगितलं, म्हणून गाव जे जे सांगेल ते चूक, असं मी मनात केव्हाच ठरवून टाकलं होतं. तिचं ऐकलं असतं तर पुढच्याच आठवड्यात मी दोन तापमापक घेऊन त्या सड्यावर जाऊ शकले असते. माझ्या गाडीत ते पडलेले असायचे.

त्या हिवाळ्यात मी ऑफेनबाखला जाऊ लागले. जर्मन हवामान खात्याचं मुख्यालय आणि ग्रंथालय तिथं आहे, एश्बॉर्नपासून लोकलनं तासाभरात पोचता येतं. रुडॉल्फ गायगर यांचं जमिनीलगतच्या हवेच्या थरावरचं पुस्तक मला वाचायचं होतं. १९२७ साली पहिल्यांदा निघालेलं. एक माणूस आयुष्य घालवून गुडघाभर हवेचा अभ्यास करतो याचं मला आता नवल वाटत नव्हतं. शोधता शोधता १९५७च्या एका जर्मन नियतकालिकात राश्के यांचा निबंध हाती आला. शीर्षकात पुणे होतं. पुण्यातल्या उघड्या जमिनीवरचं रात्रीचं किमान तापमान.

त्यामागची कथा अशी. १९३२ साली पुण्यात हवामान खात्याचा कृषी विभाग सुरू झाला, एल. ए. रामदास त्याचे प्रमुख. त्याच वर्षी रामदास आणि आत्मनाथन यांनी एक गोष्ट छापली, तीही एका जर्मन नियतकालिकात. शांत, निरभ्र रात्री सगळ्यांत गार हवा जमिनीला टेकलेली नसते. ती वीत-दोन वीत वर असते, आणि जमिनीपेक्षा काही अंशांनी गार. तोवर पुस्तकात होतं त्याच्या हे उलट. गार जड हवा उबदार जमिनीवर तरंगत कशी राहील? ती खाली यायला हवी, मिसळून जायला हवी. मोजण्यात चूक झाली असेल, कुठून तरी गार हवा वाहत आली असेल, अशा शंका पुढची बरीच वर्षं घेतल्या गेल्या. मग राश्के यांनी पुण्यात काळजीपूर्वक मोजलं, आणि तसंच निघालं. नव्वदच्या दशकात बंगळूरला रोद्दम नरसिंहा आणि सहकाऱ्यांनी उष्णतेच्या प्रारणातून त्याचा सिद्धान्त मांडला. जगभर आज त्याला रामदास थर म्हणतात.

शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयाच्या आवारात त्या कृषी विभागाची वेधशाळा आहे. मी चार वर्षं त्याच भागात शिकले, त्या रस्त्यानं रोज गेले. माझ्या गावच्या जिल्ह्यापासून शंभर किलोमीटरवर कुणीतरी वीतभर हवेसाठी रात्री जागला होता, आणि त्याच्यावरही आधी विश्वास ठेवला गेला नव्हता. हे मला ऑफेनबाखमध्ये जर्मन वाचताना कळावं, याचं दुःख मला आजही वाटतं.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. मामीच्या गवतावरचं दव पंख्यांमुळेच कमी झालं, असं मी म्हणत नाही. त्या बाजूला रस्ते झाले होते, जमीन तुडवली गेली होती, उतारही वेगळा आहे. दव कमी होण्याला यातलं काहीही पुरेसं आहे. पण हे सगळे प्रश्न २००४च्या त्या चुलीपुढे विचारता आले असते. आणि ते किरकोळ नव्हते. सांगलीतल्या ढालगावच्या बाजूला पंखे आणि द्राक्षबागा एकाच टापूत आहेत. पान रात्री किती वेळ ओलं राहतं यावर केवडा हा रोग पडेल की नाही ते अवलंबून असतं, आणि बागायतदार त्यावर फवारणीचे पैसे घालतो. दवाची खबर तिथं पैशाची खबर आहे.

२०१३च्या दिवाळीत मी पठारावर गेले. मामा तोवर वारले होते, मामी एकटी होती. दुसऱ्या दिवशी मी तिला सांगितलं की तू दवाबद्दल म्हणाली होतीस, त्यात तथ्य असू शकतं, मी तेव्हा तुला उडवून लावलं, चुकलं माझं. तिला ते आठवत होतं. "व्हय," म्हणाली. "तू दमून आली हुतीस." एवढंच. मला क्षमा केल्याचं तिच्या बोलण्यात नव्हतं, रागही नव्हता. मग तिनं विचारलं, "दव मोजत्यात कसं?"

मी तिला लाकडी ठोकळ्याची पद्धत सांगितली. रंगवलेला ठोकळा सूर्यास्ताला बाहेर ठेवतात, उजाडायच्या आत त्यावरचे थेंब छापील चित्रांशी ताडून पाहतात. आपल्या हवामान खात्यातही ती वापरतात. तो ठोकळा माझ्याकडे नव्हता. सोपी रीत म्हणजे सुती कापडाचे सारखे तुकडे, खाली प्लास्टिकचा कागद घालून, म्हणजे जमिनीची ओल चढणार नाही. संध्याकाळी वजन करायचं, पहाटे वजन करायचं.

ती उठून आत गेली आणि जुनं लुगडं घेऊन आली. विरलेलं, धुऊन मऊ झालेलं. दाराच्या उंबऱ्यावर बसून तिनं ते फाडायला घेतलं. मी पट्टीनं मापायला लागले तर म्हणाली, ऱ्हाऊ दे, आणि कोपऱ्याला कोपरा लावून घडी घातली, त्या घडीवर फाडलं. आठ तुकडे झाले. पट्टी लावून पाहिली तर सगळे एकसारखे. मी साताऱ्याहून आणलेल्या छोट्या काट्यावर एकेक ठेवून वहीत लिहीत गेले.

दिवस मावळायला आला होता. चार तुकडे वरल्या सड्याला न्यायचे आणि चार पंख्याच्या अंगाला. मी पंख्याच्या बुडाशी, अगदी खांबाजवळ ठेवूया म्हणाले. मामीनं मान हलवली. "तितं न्हाई. रातचं वारं वरल्या अंगानं येतं. त्या बांधाच्या पल्याड ठिव."

मी वहीत बांधाची जागा लिहिली, वेळ लिहिली, आणि तुकडे घेऊन तिच्या मागे निघाले.